गोल करणारी मुलगी घडते कशी?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



हुंडा, पोटगी, रेशन, दारूबंदी या विषयांवर आपण इथे दोन दिवस बोलतो आहोत. त्यात फुटबॉल हा विषय कुठून आला, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. मी मुलींना खेळ शिकवते म्हणून मला या विषयाची आवड आहे, हे खरंच. पण मी आज खेळाचं कौतुक करायला उभी नाही. एक मुलगी घेऊन तिच्या वाटचालीकडे आपण आपल्या चळवळीच्या नजरेने पाहावं, एवढीच माझी विनंती आहे. मुलीच्या अंगात गुण आहेत असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणत असतो, आणि ते गुण वाढायला काय काय लागतं, हा माझा विषय आहे.

ही मुलगी आपल्या देशातली नाही, पण आपल्या राज्यात येऊन खेळून गेलेली आहे. ३० ऑक्टोबर २०२२ ला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबिया एका गोलने हरली, तीही ८२ व्या मिनिटाला झालेल्या स्वयंगोलमुळे. पण फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला तो कोलंबियाचा पहिलाच संघ होता. पुरुषांचा संघसुद्धा तिथवर कधी पोचलेला नव्हता. त्या संघाच्या आघाडीला खेळत होती लिंडा कायसेदो.

लिंडाचा जन्म २२ फेब्रुवारी २००५ चा. कोलंबियाच्या नैऋत्येला काली नावाचं मोठं शहर आहे, त्याच्या जवळच्या कांदेलारिया भागातली ती. उसाच्या शेतीचा तो प्रदेश. लहानपणी मुलांबरोबर खेळली, कारण मुलींचा संघच नव्हता. पुढे कालीतल्या एका क्लबात गेली. २०१९ साली, १४ व्या वर्षी, अमेरिका दे काली या व्यावसायिक क्लबकडून पहिला सामना खेळली. त्या वर्षी तो क्लब देशाचा विजेता ठरला. त्याच वर्षी राष्ट्रीय संघातही तिची निवड झाली. नंतर ती देपोर्तिवो काली या क्लबात गेली आणि २०२१ साली त्या क्लबनेही विजेतेपद मिळवलं. २०२२ च्या जुलैमध्ये कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत कोलंबिया अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हरली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली १७ वर्षांची लिंडा.

हे ऐकताना आपण सहज म्हणतो, ‘उपजतच गुण होते हो तिच्यात!’ असतीलही. पण उपजत गुणांची मुलगी कोलंबियात फक्त २००५ सालीच जन्माला आली असं थोडंच आहे? १९८५ साली जन्मलेली नसेल? १९६५ साली? त्या मुली कुठे गेल्या?

त्या कुठे गेल्या याचं उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली. ती जवळपास ५० वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती. ब्राझीलने तर १९४१ साली सरकारी हुकूम काढून बायकांच्या ‘प्रकृतीला न शोभणारे’ खेळ बंद केले, ते १९७९ पर्यंत. कारण कुठलं? बाईचं शरीर नाजूक, मातृत्वाला धोका. शेतात, गिरणीत, मोरीत राबताना जे शरीर कधी नाजूक नसतं, ते चेंडू पुढे आला की नाजूक होतं!

१९७१ साली मेक्सिकोत बायकांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफाची तिला मान्यता नव्हती. अंतिम सामन्याला अझ्टेका स्टेडियममध्ये लाखभर माणसं जमली. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असं हरवलं आणि तिन्ही गोल १५ वर्षांच्या सुझान ऑगुस्टेसेन या मुलीने केले. लाख माणसांसमोर तीन गोल! मुलाने असं केलं असतं तर शाळकरी पोरांना त्याचं नाव पाठ असतं. सुझानचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? फिफाने बायकांचा पहिला विश्वचषक भरवला तो त्यानंतर २० वर्षांनी, १९९१ साली.

तेव्हा गुण ही एक गोष्ट आणि गुणाला वाट मिळणं ही दुसरी. लिंडाला वाट मिळाली, कारण तिच्या आधीच्या बायकांनी ती काढली होती. कोलंबियात बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली २०१७ साली. म्हणजे लिंडा १४ वर्षांची झाली तेव्हा ही लीग जेमतेम दोन वर्षांची होती, आणि तीसुद्धा बंद पडण्याच्या बेतात. २०१८ च्या अखेरीस एका क्लबच्या अध्यक्षाने जाहीरपणे सांगितलं की या खेळातून पैसा येत नाही आणि त्यातून समलिंगी बायका तयार होतात. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली की पहिला घाला तिच्या चारित्र्यावर, तिच्या ‘बाईपणा’वर. २०१९ च्या सुरुवातीला राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी उघडपणे बोलायला सुरुवात केली. मानधन मिळत नाही, प्रवासाचा खर्च स्वतःला करावा लागतो, जुने कपडे घालायला देतात आणि तक्रार केली की संघातून नाव जातं, हे त्यांनी जगाला सांगितलं. त्याच वर्षी १७ वर्षांखालच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकांवर लैंगिक छळाचे आरोप झाले. हे बोलणाऱ्या काही खेळाडूंची कारकीर्द त्यानंतर संपल्यात जमा झाली. पण लीग त्या वर्षी झाली. लहानशी झाली, काही आठवड्यांची, पण झाली. आणि त्याच लीगमध्ये १४ वर्षांची लिंडा मैदानात उतरली.

ज्यांनी तोंड उघडलं त्यांना फळ मिळालं नाही, ते पुढच्या मुलीला मिळालं. आपल्या चळवळीत हे आपण अनेकदा पाहिलं आहे. म्हणून लिंडाचा गोल टाळ्या वाजवून पाहताना त्या खेळाडूंचीही आठवण ठेवायला हवी.

आता खेळाबद्दल थोडं बोलते. गोल करणाऱ्या खेळाडूचं काम काय असतं? बचाव करणारीला वाट अडवायची असते, मधल्या फळीतल्या मुलीला चेंडू पोचवायचा असतो. पुढे खेळणारीला मात्र ठरवायचं असतं की ‘आता मी मारणार’. दहा वेळा मारलं तर आठ-नऊ वेळा चुकणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चुकणार, तरी अकराव्यांदा मारायचं. मी मुलींना शिकवते तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. मुलगी चेंडू घेऊन सुरेख पळते, दोघीतिघींना चुकवते, गोलसमोर पोचते आणि तिथे चेंडू शेजारणीला देऊन टाकते. विचारलं तर म्हणते, ‘बाई, माझ्याकडून चुकला असता तर?’ मुलगा सहसा असं म्हणत नाही. त्याचा दहावा फटका कुंपणाबाहेर गेला तरी तो अकरावा मारतो.

ही काही पायाची कमजोरी नव्हे. घरात ताटात पडेल ते आधी दुसऱ्याला द्यायचं, हसायचं ते तोंडावर हात ठेवून, बसायचं ते अंग चोरून, असं बारा-तेरा वर्षं शिकलेली मुलगी मैदानावर एका दिवसात जागा व्यापायला कशी शिकेल? देणं हा गुणच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण स्वतःसाठी एक फटका राखून ठेवणं हेही शिकावं लागतं. ते शिकवताना मला फार भाषण करावं लागत नाही. मी एवढाच नियम करते की चौकोनाच्या आत चेंडू मिळाला की मारायचाच, आणि चुकलेल्या फटक्यावर कुणी ‘अरेरे’ म्हणायचं नाही. महिन्याभरात मुली बदलतात. खांदे मागे जातात, आवाज मोठा होतो. काहींच्या घरून तक्रार येते की पोरगी उलट उत्तरं द्यायला लागली!

३० जुलै २०२३ ला सिडनीमध्ये विश्वचषकात कोलंबियाने जर्मनीसारख्या बलाढ्य संघाला २-१ असं हरवलं. त्यातला पहिला गोल लिंडाचा. डावीकडून ती चौकोनात शिरली, समोर दोघी होत्या, चेंडू आत ओढून घेत दोघींच्या मधून वाट काढली आणि उजव्या पायाने लांबच्या वरच्या कोपऱ्यात मारला. त्या स्पर्धेतला सर्वोत्तम गोल म्हणून पुढे तो निवडला गेला. तो गोल पाहताना मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की शेजारी कोण मोकळं आहे हे बघायला ती थांबली नाही.

पण याच मुलीच्या गोष्टीत दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं ठिकाण तिच्या आजाराचं. १५ व्या वर्षी लिंडाला बीजकोशाचा कर्करोग असल्याचं निघालं. शस्त्रक्रिया झाली, काही महिने केमोथेरपी झाली, आणि पुन्हा खेळता येईल की नाही याची खात्री नव्हती. ती बरी झाली आणि परतली. आपण याला ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून मोकळ्या होतो. जिद्द होतीच. पण वेळेवर निदान झालं, उपचार मिळाले आणि बरी झाल्यावर तिची जागा शिल्लक होती, या तीन गोष्टी जिद्दीने मिळत नाहीत. आपल्याकडे पोटात दुखतं असं १५ वर्षांच्या मुलीने सांगितलं तर काय उत्तर मिळतं? ‘पाळीचं असेल, होईल बरं.’ ‘लग्न झाल्यावर थांबेल.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीप्रमाणे आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. या मुलींना आपण ‘दम नाही’ म्हणून संघातून वगळतो. दम कुठून येणार? आधी हिमोग्लोबिन तपासा, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या द्या, मग निवड चाचणी घ्या.

दुसरं ठिकाण तिच्या थकव्याचं. २०२२ च्या जुलैत कोपा अमेरिका, ऑगस्टमध्ये कोस्टारिकात २० वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे १७ वर्षांखालचा, २०२३ च्या फेब्रुवारीत वयाची १८ वर्षं पूर्ण होताच रेआल माद्रिद, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या बायकांचा विश्वचषक. जेमतेम वर्षभरात तीन विश्वचषक! जर्मनीच्या सामन्याच्या आधी सराव करताना ती छातीवर हात ठेवून मैदानातच कोसळली होती. डॉक्टरांनी तपासलं, सुदैवाने गंभीर काही निघालं नाही, आणि तीन दिवसांनी तिने तो गोल केला. वर्तमानपत्रांनी गोलाचं कौतुक केलं. माझ्या मनात मात्र तो प्रश्न राहिला. गुणी मुलगी मिळाली की तिच्यावर सगळ्यांचा हक्क सुरू होतो. क्लबचा, संघटनेचा, देशाचा. घरातल्या कामसू सुनेसारखंच हे आहे. जी करते तिच्याकडूनच आणखी करून घ्यायचं. १८ वर्षांच्या आत सहसा परदेशी क्लबात नेता येत नाही, हा फिफाचा नियम म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. व्यवहार मोडला तरी चालेल, पोरीचं बालपण मोडता कामा नये, हे त्यामागचं तत्त्व आहे. अशी कुंपणं आणखी हवीत, किती सामने, किती विश्रांती, यांचीही.

आता आपल्या घराकडे वळू. यजमान म्हणून आपल्या मुलीही त्या विश्वचषकात खेळल्या. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. लोक हसले. पण या मुलींचं वर्ष कसं गेलं होतं? स्पर्धेच्या काही महिने आधी युरोपच्या दौऱ्यावर असताना संघाच्या सहप्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला काढून टाकण्यात आलं. स्पर्धेला दोन महिने राहिले असताना राष्ट्रीय संघटनेच्या कारभारामुळे फिफाने भारताला निलंबित केलं. ते उठलं, पण तोवर स्पर्धा होते की नाही हेच मुलींना माहीत नव्हतं. कर्णधार अस्तम उरांव झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. ती कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या गावाचा रस्ता करायला घेतला, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीने खडी टाकत होते, अशा बातम्या त्या वेळी आल्या. यापुढे मी काय बोलू? ०-८ हा त्या मुलींचा गोलफलक नव्हे, तो आपल्या सगळ्यांचा आहे.

तरीही आपल्या मुली वाट काढत आहेतच. मणिपूरची बाला देवी २०२० साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबात गेली, परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय स्त्री खेळाडू म्हणून. पंजाबच्या मनीषा कल्याणने २०२१ साली ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि पुढच्या वर्षी ती सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. २०२५ च्या जुलैत भारताच्या बायकांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. त्यात दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मणिपूर, झारखंड, हरियाणा, बंगाल, तामिळनाडू इथून मुली येतात. महाराष्ट्रातून किती येतात? कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ आहेत, सामन्याला शहर लोटतं. त्या पेठांमधल्या मुलींच्या पायात काही कमी आहे का?

आपण काय करू शकतो, ते सांगते आणि थांबते.

पहिलं, मैदान. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलेलं आहे. ते आहे का, आणि असेल तर संध्याकाळी त्यावर कोण असतं, हे प्रत्येक गटाने आपापल्या गावात पाहावं. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवा, अशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत करता येते. त्यासाठी पैसा लागत नाही.

दुसरं, सुरक्षितता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असूनही गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. २०२३ साली नामांकित कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावं लागलं. पदकं मिळवलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या शिबिरात आलेल्या १३ वर्षांच्या मुलीने कुणाकडे जावं? आपल्या तालुक्यातल्या क्रीडासंकुलात समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का, हे पुढच्या बैठकीपर्यंत पाहून या. मुलींच्या संघाबरोबर प्रवासात एक तरी बाई असलीच पाहिजे, हा आग्रह धरा.

तिसरं, शरीराची निगा. मुलींच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा व्यायाम आहे. पळणं, उड्या, तोल सांभाळणं, मांड्यांची ताकद. तो नियमाने केला तर दुखापती कमी होतात. साधनं काही लागत नाहीत. मैदानाजवळ संडास आणि पाणी मात्र लागतं. पाळीच्या दिवसांत मुली गळतात त्या दुखण्यामुळे जितक्या, तितक्याच या गैरसोयीमुळे.

चौथं, घर. मुलगी १४-१५ ची झाली की खेळ सुटतो. याच वयात लिंडा व्यावसायिक संघात गेली होती. आपल्याकडे याच वयात स्वयंपाक, धाकटी भावंडं आणि स्थळं सुरू होतात. इथे आपलं नेहमीचंच काम आहे. आईशी बोलणं, बापाशी बोलणं, बालविवाह थांबवणं. फक्त त्या बोलण्यात ‘शिकू द्या’ याच्या जोडीला ‘खेळू द्या’ हाही शब्द येऊ द्या.

शेवटचं. मी लिंडाची गोष्ट सांगितली म्हणून आपल्या गावात लिंडा शोधायला निघू नका. हजार मुली खेळतील तेव्हा त्यातून एखादी निघेल, कदाचित निघणारही नाही. पण उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव फुकट गेल्या असं नाही. ‘हिच्यात काही होण्यासारखं आहे का?’ असा प्रश्न विचारून मगच मुलीला मैदानावर सोडायचं, हाही एक प्रकारचा हुंडाच झाला. आधी मोल दाखव, मग जागा देतो! मुलग्यांना आपण असं विचारत नाही. गल्लीतला कुठलाही पोरगा काहीही होण्याची शक्यता नसताना रोज संध्याकाळी दोन तास खेळतो, धुळीने माखून घरी येतो आणि जेवायला बसतो. तेवढं, अगदी तेवढंच, आपल्या मुलींना मिळायला हवं आहे.